देवाची खुशी आणि घरच्यांची मर्जी

देवळाच्या सभामंडपात, जत्रेच्या पंक्तीत किंवा सोयरिकीच्या बोलाचालीत एक मत आमच्या समाजात पुष्कळदा मोठ्या विश्वासाने मांडले जाते. ते असे की, कॅथलिकांच्या घरी देवाची इच्छा काय आहे हे पाद्री सांगतो; आमच्या घरी ती देव स्वतः सांगतो. त्यांना मध्यस्थ लागतो, आम्हांस एक फूल पुरते. मूर्तीला लावलेली उजवीकडची कळी पडली की लग्न ठरले, डावीकडची पडली की मोडले. यात माणसाची लुडबूड नाही, म्हणून आमचा मार्ग अधिक शुद्ध, असा या मताचा निष्कर्ष असतो.

हे मत दोन्ही अंगांनी खोटे आहे असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे. कॅथलिकांच्या घरी अखेरचा शब्द पाद्र्याचा असतो हे खरे नाही, आणि आमच्या घरी कौलात माणसाची लुडबूड नसते हे तर त्याहूनही खरे नाही. कॅथलिक शेजाऱ्यांची वकिली आम्हांस करावयाची नाही. त्या कामास ते स्वतः समर्थ आहेत. परंतु या मताच्या आडोशाला आमच्याच घरांतून एक अन्याय निर्धास्तपणे नांदतो आहे. तो उघड करावा, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच आहे.

गोव्यातील कॅथलिक आपल्या कोंकणी प्रार्थनेत ईश्वरेच्छेला 'खुशी' म्हणतात. हा शब्द आपल्या मराठी कागदपत्रांनाही परका नाही. जमिनीचे खत लिहून देणारा ते 'राजीखुशीने' लिहून देतो, कोणाच्या धाकाने अथवा जबरदस्तीने नव्हे, असे आपले जुने दस्तऐवज सांगतात. म्हणजे एकाच शब्दात देवाची इच्छा आणि माणसाची संमती अशा दोन्ही गोष्टी आपल्या या किनारपट्टीवर एकत्र नांदत आल्या आहेत. देवाची खुशी जाणून घ्यावयाची तर ज्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे त्याची राजीखुशी वगळून ती जाणता येईल काय, हा या लेखाचा प्रश्न आहे. कॅथलिक परंपरेने त्याचे उत्तर फार विचारपूर्वक दिलेले आहे. ते उत्तर आम्ही ऐकून घेतलेले नाही.

प्रथम गैरसमज दूर करू. कॅथलिक कुटुंबापुढे एखादा निर्णय आला म्हणजे त्याच्या काही बाजू अगोदरच बंद असतात. चोरी, खोटी साक्ष, व्यभिचार, आईबापांची हेळसांड या गोष्टींबाबत देवाची इच्छा काय असेल, असा प्रश्नच उद्भवत नाही. दहा आज्ञांनी तो केव्हाच निकालात काढला आहे. ख्रिस्तसभेची शिकवण आणखी काही वाटा बंद करते. त्यांतील काही मर्यादा आमच्या वाचकांस पटणार नाहीत, आणि खुद्द अनेक कॅथलिकांनाही पटलेल्या नाहीत. पोप सहावे पॉल यांनी 1968 साली कृत्रिम संततिनियमनाविरुद्ध दिलेल्या निर्णयावरून त्यांच्यात झालेला वाद सर्वश्रुत आहे. तथापि या मर्यादांच्या आत जे विस्तीर्ण क्षेत्र उरते, त्यात पाद्र्याला हुकूम सोडण्याचा अधिकार नाही. लग्न कोणाशी करावे, गावात राहावे की बोटीवर नोकरी धरावी, वडिलोपार्जित घर विकावे की राखावे, म्हाताऱ्या आईला कोणी सांभाळावे, या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही ग्रंथात लिहिलेली नाहीत. इतकेच काय, किती मुले व्हावीत याचा निर्णय देवाला साक्ष ठेवून पतिपत्नींनी स्वतःच करावयाचा असतो, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली नमूद करून ठेवले आहे. मग हा निर्णय करावयाचा कसा?

याची सर्वांत व्यवस्थित मांडणी केली ती लोयोलाचे संत इग्नेशियस यांनी. हे स्पेनमधील बास्क प्रांतातले सरदार घराण्यातील गृहस्थ. 1521 साली पांप्लोनाच्या किल्ल्यावर तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला आणि ते महिनोन्‌महिने अंथरुणास खिळले. वाचावयास शौर्यकथा हव्या होत्या, त्या घरात नव्हत्या. मिळाली ती ख्रिस्ताचे आणि संतांचे चरित्र सांगणारी पुस्तके. पडल्या पडल्या ते कधी दरबारातील पराक्रमाची स्वप्ने रंगवीत, तर कधी संतांप्रमाणे कठोर व्रत आचरण्याची. दोन्ही स्वप्ने चालू असताना गोड वाटत. परंतु पहिले सरले की मन कोरडे आणि खिन्न होई. दुसरे सरले तरी मन शांत आणि तृप्त राही. हा भेद त्यांच्या ध्यानात आला, आणि या एका निरीक्षणावर त्यांनी पुढे सारे शास्त्र उभारले. 1548 साली पोप तिसरे पॉल यांनी त्यांच्या साधनाग्रंथास मान्यता दिली, आणि तेव्हापासून आजवर असंख्य कॅथलिक स्त्रीपुरुष त्या ग्रंथातील रीतीने आपल्या आयुष्याचे निर्णय तोलून पाहत आले आहेत.

या रीतीतील पहिला नियम असा की, जी गोष्ट मुळात चांगली किंवा निदान निर्दोष आहे, तिच्याविषयीच देवाला विचारता येते. जी वाईट आहे तिच्याविषयी कौल मागणे हाच देवाचा अपमान होय. दुसरा नियम असा की, मन खिन्न, भयग्रस्त आणि गोंधळलेले असताना पूर्वीचा निश्चय बदलू नये. काळोखात वाट बदलणारा बहुधा खड्ड्यातच जातो. तिसरा नियम सर्वांत कठीण आहे. विचारण्यापूर्वी विचारणाऱ्याने आपले मन तराजूच्या काट्याप्रमाणे मध्यावर आणावे. हे मिळावे असेही नाही आणि ते टळावे असेही नाही, अशी समवृत्ती साधल्यावाचून देवाचा शब्द ऐकू येत नाही. ऐकू येतो तो आपल्याच वासनेचा प्रतिध्वनी. गीतेतील समत्वाची शिकवण लहानपणापासून ऐकलेल्या आमच्या वाचकांस हा विचार परका वाटू नये.

हा तिसरा नियम समजावून देण्यासाठी इग्नेशियस तीन प्रकारच्या माणसांचे उदाहरण घेतात. प्रत्येकाजवळ दहा हजार डुकाटांची संपत्ती आहे. ती निव्वळ देवाच्या प्रेमापोटी मिळवलेली नाही, म्हणून तिघांच्याही मनास टोचणी आहे. पहिला मनुष्य या संपत्तीचा मोह सुटावा असे म्हणतो, पण मरेपर्यंत काहीच करीत नाही. दुसऱ्यालाही मोह सोडावयाचा असतो, मात्र संपत्ती ठेवून. आपण देवाकडे जाण्याऐवजी देवानेच आपल्याला हवे तेथे यावे, अशी त्याची खटपट असते. तिसरा मनुष्य संपत्ती ठेवण्याचाही आग्रह धरीत नाही आणि टाकण्याचाही. देवसेवेस जे अधिक उचित दिसेल ते करण्यास तो मोकळा असतो.

आता आमच्या देवळांकडे वळू. कौल ही आमची प्राचीन आणि आदरणीय प्रथा आहे. देवळाचे काम केव्हा काढावे, गावावर संकट आले असता काय करावे, अशा प्रसंगी साऱ्या गावाने एकत्र उभे राहून देवाला विचारणे यात एक गांभीर्य आहे, आणि भांडणाऱ्या पक्षांना एकत्र आणण्याचे सामर्थ्यही आहे. आमचा रोख त्यावर नाही. घरगुती प्रश्नांसाठी जो कौल लावला जातो, त्यात विचारणारा या तिघांपैकी कितवा असतो, एवढेच आम्ही विचारतो. डावा कौल आला की दुसऱ्या शब्दांत तेच गाऱ्हाणे पुन्हा घालणारे यजमान कोणी पाहिले नाहीत? या देवाने नाही म्हटले तर कुलदेवतेला विचारू, तिनेही नाही म्हटले तर ग्रामदेवतेला, असा फिरता अर्ज करणारी घरे काय थोडी आहेत? बाहेरगावी स्थायिक झालेले कुळावी पूर्वी पत्र धाडून आणि आता फोन करून कौल लावावयास सांगतात. उत्तर मनाजोगे आले तर अभिषेक होतो, न आले तर प्रश्न नीट विचारला गेला नाही असे ठरते. हा इग्नेशियसांचा दुसरा मनुष्य होय. देवाने आपल्याकडे यावे, आपल्या दाराशी थांबावे आणि आपल्या मर्जीवर शिक्का मारून परत जावे, एवढीच त्याची अपेक्षा असते.

आणि हे तरी सौम्य झाले. याहून गंभीर प्रकार असा की, जिचे लग्न ठरवावयाचे ती मुलगी कौलाच्या वेळी गाभाऱ्यासमोर असतेच असे नाही. गाऱ्हाणे वडील घालतात, चुलते ऐकतात, उत्तर पुजारी वाचतात, आणि घरी येऊन तिला सांगितले जाते की देवाने दिले. त्यानंतर ती बोलली तर ती वडिलांविरुद्ध बोलत नाही, देवाविरुद्ध बोलते! बापाची मर्जी मोडणे कठीण असते, पण शक्य असते. देवाची मर्जी मोडण्याचे धैर्य वीस-बावीस वर्षांच्या मुलीने कोठून आणावे? गोव्यात लग्नाची सरकारी नोंद करताना वधूला निबंधकापुढे उभे राहून स्वतः सही करावी लागते. सरकारी कचेरीत जिची सही लागते, तिचा शब्द देवाच्या दारी लागू नये, ही आमच्या धर्माला शोभणारी गोष्ट आहे काय?

या बाबतीत कॅथलिकांचा कायदा काय म्हणतो ते पाहण्यासारखे आहे. सोळाव्या शतकात ट्रेंट येथे भरलेल्या धर्मपरिषदेपुढे फ्रान्सच्या राजाच्या वकिलांनी अशी मागणी केली होती की, आईबापांच्या संमतीवाचून मुलांनी केलेली लग्ने रद्द समजावीत. त्या काळचे सारे सरदार-जमीनदार या मागणीच्या बाजूचे असणार हे उघड आहे. परिषदेने 1563 साली चोरून केलेल्या लग्नांस आळा घातला, पाद्री आणि दोन साक्षीदार आवश्यक ठरवले, आईबापांना न जुमानता केलेल्या लग्नांविषयी नापसंतीही व्यक्त केली. पण आईबापांची संमती नसेल तर लग्नच झाले नाही, ही मागणी तिने धुडकावली. लग्न होते ते वधूवरांच्या संमतीने, आणि ती संमती दुसरा कोणीही त्यांच्या वतीने देऊ शकत नाही, हे तत्त्व 1983 च्या धर्मसंहितेतही कायम आहे. धाकाने किंवा जबरदस्तीने झालेले लग्न ती संहिता लग्न मानीत नाही. किंबहुना आईबापांविषयीच्या आदरातून, त्यांच्या तीव्र नाराजीच्या धास्तीतून दिलेली संमतीही निरर्थक ठरू शकते, हे त्यांच्या धर्मन्यायालयांनी मान्य केलेले आहे. आमच्यातील किती लग्ने या कसोटीस उतरतील, याचा हिशेब प्रत्येकाने मनाशी करावा.

पाद्र्याचा शब्द अखेरचा असतो या समजाचे खंडन तर त्यांच्या संतांच्या चरित्रांतच आहे. लिझ्यूच्या संत तेरेसा पंधरा वर्षांच्याही झाल्या नव्हत्या, तेव्हा 1887 साली त्यांनी मठात जाण्याचा आपला निश्चय वडिलांना सांगितला. वडील लुई मार्तँ नुकतेच आजारातून उठले होते, पत्नी दहा वर्षांपूर्वी वारली होती, थोरल्या दोन मुली घर सोडून मठात गेल्या होत्या. मुलगी लहान आहे असे त्यांनी म्हटले, तिचे ऐकून घेतले, आणि संमती दिली. त्यानंतर आडवा आला तो त्या मठाची देखरेख करणारा पाद्री! त्याच्या नकारावर ही मुलगी थांबली नाही. ती बिशपकडे गेली, रोमला जाऊन खुद्द पोप तेरावे लिओ यांच्यापुढे तिने आपली विनंती मांडली, आणि 1888 च्या एप्रिलमध्ये तिने मठात प्रवेश केला. देवाची इच्छा कोणाला कळली? बापाला नव्हे, पाद्र्याला नव्हे. जिच्या आयुष्याचा प्रश्न होता तिला. बाकीच्यांचे काम तिची परीक्षा पाहण्याचे होते, आणि ते त्यांनी केले.

इग्नेशियसांनी मार्गदर्शकाला जो नियम घालून दिला आहे तो आमच्या पुजारीवर्गाने आणि पुरोहितांनीही लक्षात घ्यावा. साधकाला मार्ग दाखवणाऱ्याने त्याला या बाजूला किंवा त्या बाजूला ढकलू नये. तराजूच्या काट्याप्रमाणे मध्ये उभे राहावे आणि देवाचे व भक्ताचे जे काय बोलणे व्हावयाचे ते होऊ द्यावे. ज्याच्या घरून दक्षिणा येणार त्याच्या चेहऱ्याकडे पाहून कळीचा अर्थ लावणारा पुजारी आणि हा मार्गदर्शक, यांत किती अंतर आहे हे आम्ही वेगळे सांगावयास नको.

येथे आमचे कित्येक वाचक संतापून विचारतील की, ज्यांनी आमची देवळे मोडली त्यांच्याकडून आम्ही देवाची इच्छा जाणण्याचे धडे घ्यावयाचे काय? मंगेश, शांतादुर्गा, म्हाळसा यांना सासष्टीतील कुशस्थळी, केळोशी, वेर्णा सोडून झुआरीपलीकडे अंत्रुजात का यावे लागले, हे आम्ही विसरलो काय? आम्ही विसरलेलो नाही. उलट त्या इतिहासातील आमच्या प्रश्नाशी थेट निगडित असलेले पान आम्हीच येथे उघडून ठेवतो. 1559 साली पोर्तुगालच्या राजाच्या नावाने हुकूम निघाला की, ज्यांना आईबाप व आजे-आजी उरलेले नाहीत अशी हिंदू मुले गोव्यातील सेंट पॉल कॉलेजच्या पाद्र्यांच्या स्वाधीन करावीत आणि त्यांना ख्रिस्ती धर्मात वाढवावे. चुलते, मामा, मावश्या जिवंत असताना पोरक्या मुलांवरील घराचा हक्क काढून घेण्यात आला, आणि हे सारे देवाच्या इच्छेच्या नावाने झाले. कॉलेज चालवणारे पाद्री इग्नेशियसांनीच स्थापन केलेल्या येशूसंघाचे होते! कोणालाही ढकलू नये असे ज्या संस्थापकाने लिहिले, त्याच्या अनुयायांनी पोरक्या मुलांना ढकलले.

त्याहून नवल असे की, त्यांच्याच सर्वश्रेष्ठ पंडिताने हे कृत्य निषिद्ध ठरवले होते. संत थॉमस अक्विनस यांनी तेराव्या शतकात असा प्रश्न विचारात घेतला होता की, ज्यूंच्या मुलांना त्यांच्या आईबापांच्या इच्छेविरुद्ध बाप्तिस्मा द्यावा काय. त्यांचे उत्तर स्पष्ट नकाराचे होते: जाण येईपर्यंत मूल निसर्गनियमाने आईबापांच्या छत्राखाली असते; ते छत्र हिरावणे अन्याय होय; आणि जाण आल्यावर ते स्वतः ठरवील. हे उत्तर उपलब्ध असताना 1559 चा हुकूम निघाला, आणि पुढे 1858 साली पोपच्या राज्यातील बोलोन्या शहरात एदगार्दो मोर्तारा या सहा वर्षांच्या ज्यू मुलाला, घरातील मोलकरणीने गुपचूप बाप्तिस्मा दिला होता एवढ्याच कारणावरून, शिपायांनी घरातून उचलून नेले. शिकवण चांगली असली तरी सत्ता हातात आली की माणसे काय करतात, याचे हे दाखले आहेत.

परंतु या दाखल्यांतून आम्ही शिकावयाचे काय? कॅथलिक वाईट, एवढेच शिकलो तर काहीच शिकलो नाही. ज्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे त्याला न विचारता, त्याच्याविषयी देवाची इच्छा आपणांस कळली आहे असे बलवानाने जाहीर करणे, हा तो अन्याय होता. राजाने केला तेव्हा तो आम्हांस जुलूम दिसला. मग घरचा कर्ता पुरुष तेच करतो तेव्हा ती परंपरा कशी होते? ज्या समाजाच्या पूर्वजांनी आपला देव पाठीवर घेऊन नदी ओलांडली, पण दुसऱ्याने ठरवलेली देवाची इच्छा मान्य केली नाही, त्या समाजाने तरी आपल्या मुलींवर दुसऱ्याने ठरवलेली देवाची इच्छा लादू नये.

दुसरा आक्षेप अधिक विचारी लोकांचा आहे. प्रत्येकाने आपापल्या अंतःकरणाला विचारून चालावे म्हटले तर घर राहील कसे? वडीलधाऱ्यांच्या अनुभवाला काही किंमत नाही काय? या आक्षेपात तथ्य आहे. पण त्याचे उत्तर कॅथलिक रीतीतच सापडते. तेथे अंतःकरणाला विचारणे म्हणजे मनात येईल ते करणे नव्हे. इग्नेशियसांनी सांगितले आहे की, हृदयातून स्पष्ट कौल मिळत नसेल तर शांतपणे बुद्धीचा उपयोग करावा; ही गोष्ट केल्यास लाभ काय व हानी काय, न केल्यास लाभ काय व हानी काय, असे चारही बाजूंनी मांडून पाहावे. याच पेचात सापडलेला एखादा अनोळखी माणूस डोळ्यांपुढे आणावा आणि त्याला आपण काय सल्ला दिला असता ते पाहावे. आपण मृत्युशय्येवर आहोत असे कल्पावे आणि त्या वेळी कोणता निर्णय केलेला आपल्याला आवडेल ते विचारावे. एवढे करून निश्चय झाल्यावरही तो देवापुढे ठेवून त्याची मान्यता मागावी. या प्रत्येक पायरीवर वडीलधाऱ्यांना भरपूर काम आहे. लाभहानीच्या मांडणीत त्यांचा अनुभव हवाच. त्यांनी कारणे सांगावीत, धोके दाखवावेत, पुन्हा पुन्हा विचारावे. त्यांचे मत ही साक्ष आहे, निकाल नव्हे.

तेरेसांच्या आईबापांचे उदाहरण येथेही उपयोगी आहे. लुई यांना तरुणपणी आल्प्समधील मठात जावयाचे होते. लॅटिन येत नाही म्हणून त्यांना परत पाठवण्यात आले. झेली यांनाही मठात जोगीण व्हावयाचे होते. त्यांनाही नकार मिळाला. 1858 साली दोघांचे लग्न झाले आणि पहिले काही महिने ती दोघे व्रतस्थ राहिली. त्यांच्या धर्मगुरूने त्यांना समजावले की, संसार हीच तुमची वाट आहे. धर्मगुरूने कारण सांगितले, त्यांनी ते तोलले आणि पत्करले. पुढे त्यांना नऊ मुले झाली. चार लहानपणीच गेली, पाचही मुलींनी मठाचा मार्ग धरला. लेस विणण्याचा झेली यांचा धंदा चांगला चालला, तेव्हा लुई यांनी आपले घड्याळाचे दुकान विकून पत्नीच्या धंद्याला हातभार लावला. हाही एक कौटुंबिक निर्णयच होता, आणि त्या काळच्या पुरुषाला सोपा नव्हता. 2015 साली या पतिपत्नींना एकत्र संतपद देण्यात आले. सल्ला आणि सक्ती यांतील भेद ज्यांना कळत नाही, त्यांनी हे चरित्र वाचावे.

कॅथलिक घरांतही या नियमांचा भंग होतो, हे आम्ही जाणतो. घरातला एक मुलगा पाद्री झालाच पाहिजे, ही गोव्यातील जुन्या कॅथलिक घरांची हौस होती, आणि त्या हौसेपायी काही मुले स्वतःच्या मनाविरुद्ध सेमिनारीत गेली असतील. मुलींना जबरदस्तीने मठात धाडणाऱ्यांना ट्रेंटच्या परिषदेने बहिष्काराची शिक्षा सांगितली होती. असा नियम करावा लागला यावरूनच तो प्रकार किती बोकाळला होता ते दिसते. अक्विनस यांना तर त्यांच्याच भावांनी 1244 साली वाटेतून पकडून आणले आणि सुमारे वर्षभर घराच्या गढीत कोंडून ठेवले. घराण्याला त्यांच्यासाठी मोठ्या मठाचे अधिपतिपद हवे होते, आणि त्यांनी तर भिक्षुकांची वस्त्रे घेतली होती. इग्नेशियसांनी म्हणूनच बजावले आहे की, वाकड्या हेतूने केलेल्या निवडीला देवाचे बोलावणे म्हणण्याची चूक पुष्कळ लोक करतात. फरक असा की, त्यांच्याकडे ही चूक चूक म्हणून नोंदली गेली आहे, तिला नाव आहे, तिच्याविरुद्ध दाद मागण्याची सोय आहे. आमच्याकडे तिला देवाचा कौल म्हणतात.

तिसरा आक्षेप असा येईल की, हे सारे त्यांचे शास्त्र. आमचे शास्त्र निराळे. निराळे असेल, पण उलटे नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात सारे ज्ञान सांगून झाल्यावर भगवंत अर्जुनाला काय म्हणतात हे ज्याने त्याने आठवून पाहावे. प्रत्यक्ष नारायण समोर उभा असताना निर्णय अर्जुनाच्या विचारावर आणि इच्छेवर सोपवला गेला. देवाने जे स्वातंत्र्य भक्ताला दिले, ते त्याच्या काकाने कोणत्या अधिकाराने काढून घ्यावे?

म्हणून देवळांच्या महाजनांपुढे, पुजारीवर्गापुढे आणि घराघरांतील वडीलधाऱ्यांपुढे आम्ही काही मागण्या ठेवतो. ज्या माणसाच्या लग्नाचा, शिक्षणाचा, नोकरीचा किंवा परदेशगमनाचा प्रश्न असेल, ते माणूस जाणते असेल तर ते स्वतः देवापुढे उभे असल्यावाचून कौल लावू नये, आणि गाऱ्हाणे त्याच्याच तोंडून यावे. ते माणूस नको म्हणाले तर कौल मागण्याचे कारणच उरत नाही. एकदा डावा कौल आल्यावर तोच प्रश्न शब्द फिरवून पुन्हा घालू देऊ नये. पुजाऱ्याने कोणत्याही पक्षाला अनुकूल असा अर्थ लावू नये.

शेवटची मागणी सर्वांत महत्त्वाची. धर्माने जे आधीच ठरवलेले आहे, ते देवाला विचारू नये. गोव्याच्या कायद्याने बहिणीला भावाइतकाच वाटा आहे. तरीही कितीतरी बहिणी हक्क सोडल्याच्या कागदावर सह्या करतात, आणि घराण्याचे अखंडत्व राहावे ही देवाची इच्छा असे त्यांना सांगितले जाते. हुंडा घ्यावा की न घ्यावा, विधवा सुनेला घरात ठेवावे की माहेरी धाडावे, म्हाताऱ्या आईला कोणत्या मुलाने पोसावे, हे प्रश्न मूर्तीला लावलेल्या कळीने सुटावयाचे नाहीत. त्यांची उत्तरे विचारणाऱ्याला ठाऊक असतात, आणि ठाऊक असतात म्हणूनच तो देवाकडून दुसरे उत्तर मिळते काय ते पाहावयास येतो. अशा माणसाला महाजनांनी सभामंडपातूनच परत पाठवावे. त्याच्या बहिणीची, सुनेची किंवा आईची राजीखुशी त्याने आधी घेऊन यावी. मग देवाची खुशी विचारावी.